अंजनेरीच्या किती वर?

नाशिकचा उन्हाळा म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोरडं, निरभ्र, पांढरंफटक आकाश येतं. इथे राहणाऱ्याला मात्र ठाऊक असतं, की फेब्रुवारीच्या अखेरीपासून मृग लागेपर्यंत डोक्यावरून जितक्या तऱ्हेचे ढग जातात, तितके उभ्या पावसाळ्यात जात नाहीत. जुलैचं आभाळ एकदा भरलं की आठवडा-आठवडा एकाच राखाडी रंगात बसून राहतं. एप्रिल-मेमध्ये सकाळचं आभाळ दुपारी ओळखू येत नाही. ढग बघायचा नाशिकचा खरा ऋतू उन्हाळाच. आणि माझं ठाम मत आहे, की या जिल्ह्याचा उन्हाळा कसा जाणार हे पाऱ्याच्या आकड्यावर ठरत नाही, ढगांवर ठरतं.

दरवर्षी मार्च संपता संपता हवामान विभागाचा एप्रिल ते जून या तिमाहीचा अंदाज येतो. तो मी मन लावून वाचते. कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, रात्री किती तापतील, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील का, हे त्यात असतं. देशाच्या नकाशात रंग भरलेले असतात आणि आपला जिल्हा बोटाच्या पेराखाली झाकून जातो. सगळी भाषा शक्यतेची, आणि ती तशीच हवी; तीन महिन्यांचं हवामान तारीखवार कुणालाच सांगता येत नाही. पण उष्णतेच्या लाटेचा निकष बघा. मैदानी भागात पारा किमान ४० वर गेलेला हवा, शिवाय तो सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढलेला हवा. नाशिकची एप्रिल-मेची दुपार तशीही ३७-३८ च्या घरात असते. म्हणजे इथे ४० झालं, ४१ झालं, अंगाची लाही लाही झाली, तरी कागदावर लाट येईलच असं नाही. मालेगावात त्याच दिवशी ४३ असतं आणि आपण पंचवटीत, सातपूरला "मालेगावपेक्षा बरं" म्हणत पंखा वाढवतो.

निफाड तालुक्यात माझं माहेर. धाकटा भाऊ शेती बघतो. मार्च ते मे त्याचा फोन आला की तो तापमान विचारत नाही. "ताई, तुमच्याकडं आभाळ कसंय?" एवढंच विचारतो. उन्हाळ कांदा उपटला की तो लगेच चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, भरत नाहीत. पातीसकट शेतात पसरून ठेवतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी, म्हणजे उन्हाचा चटका थेट बसत नाही आणि मान हळूहळू सुकते. मग पात कापायची, ढीग लावायचा, सावलीत थोडा ठेवायचा आणि मग चाळ. नीट वाळलेला कांदा चाळीत चार-पाच महिने काढतो. पण पसरलेल्या कांद्यावर एक सर जरी पडली, मानेत पाणी गेलं, की चाळीतला तो कांदा आतून सडायला लागतो, आणि वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. ४१ अंशांनी त्याचं काही बिघडत नाही. एका ढगाने वर्ष जातं. म्हणून त्याचा प्रश्न बरोबर आहे असं मला वाटतं, आणि त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून मी ढग शिकत गेले.

शिकायला साधनं भरपूर आहेत. १८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्डने, जो पेशाने औषधं बनवणारा होता, ढगांना पहिल्यांदा शिस्तशीर नावं दिली. त्याच पायावर आज जागतिक हवामान संघटनेच्या अॅटलासात ढगांच्या दहा मुख्य जाती आहेत. शाळेच्या भूगोलात तंतुमेघ, स्तरमेघ, राशिमेघ आपण पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. ते सगळे गंगापूर रोडवरच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतात.

मार्चमध्ये सगळ्यात आधी येतात तंतुमेघ, सिरस. पार उंचावर, सहा-सात किलोमीटरपासून वर, बर्फाच्या कणांचे. पांढऱ्या ओरखड्यांनी आकाश भरलेलं असतं आणि खाली ऊन तसंच कडक. यांची सावलीही पडत नाही, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. पण त्या उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, आणि उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी पावसाळी हवेची लाट, सरकत असला की त्याच्या दक्षिण टोकाची ओल वरच्या थरातून आपल्यापर्यंत पोचते. ओरखडे हळूहळू जुळून पातळ पडदा झाला की रात्री चंद्राला खळं पडतं. हात पूर्ण लांब करून पंजा पसरा, अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक जिथे येतं तिथून ते कडं जातं. सुमारे २२ अंशांचं. बर्फाच्या षटकोनी स्फटिकांतून प्रकाश वळतो त्याचा तो कोन आहे, त्यामुळे निफाडला बघा की नॉर्वेला, कडं तेवढंच. खळं पडलं की पाऊस येतो असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत. त्यात तथ्य इतकं, की वरचा थर ओला झालाय. खालचा थर ओला झाला का, ते दुसऱ्या ढगांना विचारावं लागतं.

ते दुसरे ढग म्हणजे दुपारचे राशिमेघ, क्युम्युलस. यांच्यावर माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे. साडेबारा-एकच्या सुमारास, जमीन पुरेशी तापली की, निळ्या आकाशात पांढरे ठिपके उमटायला लागतात. तापलेली हवा फुग्या-फुग्यांनी वर जाते, वर जाताना निवते, आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. ती उंची म्हणजे ढगाचा तळ. म्हणूनच त्या दिवशीच्या सगळ्या राशिमेघांचे तळ एका पातळीत आखल्यासारखे सपाट दिसतात. ही उंची घरबसल्या काढता येते. हवेचं तापमान घ्या, त्यातून दवबिंदू वजा करा, आणि उरलेल्या प्रत्येक अंशाला सव्वाशे मीटर धरा. दवबिंदू म्हणजे हवा किती अंशांपर्यंत निवली की तिच्यात दव धरेल तो आकडा. मोबाइलवरच्या बऱ्याच हवामान अॅपमध्ये तो कोपऱ्यात दिलेला असतो.

एप्रिलमधली कोरडी दुपार घ्या. तापमान ४०, दवबिंदू १२. फरक २८, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून साडेतीन हजार मीटरवर. मेचा शेवटचा आठवडा घ्या. तापमान ३६, दवबिंदू २२. फरक १४, तळ पावणेदोन हजारांवर. घाम वाळत नाही, सदरा पाठीला चिकटतो, आणि वर ढग निम्म्याने खाली आलेले असतात. चिकचिक आणि ढगांची उतरण ही एकाच गोष्टीची दोन तोंडं.

आणि नाशिककरांकडे हे मोजायला आयती पट्टी आहे. पश्चिमेला त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरीची सपाट धार दिसते. शहराच्या पातळीपासून तिचा माथा सुमारे सातशे मीटर उंच. एप्रिलमध्ये अंजनेरीवर तरंगणारे ढग तिच्यापासून इतके वर असतात, की डोंगराचा आणि त्यांचा काही संबंध नाही असंच वाटतं. मध्ये आणखी तीन-चार अंजनेरी मावतील एवढी निळी जागा असते. मेच्या मध्याला ती जागा आक्रसते. मेच्या अखेरीला एखाद्या पहाटे ढग माथ्याला टेकलेले दिसतात. तापमान २७ आणि दवबिंदू २२ झाला की तळ सव्वासहाशे मीटरवर येतो, म्हणजे माथा ढगात. उन्हाळा किती सरला हे मला कॅलेंडरपेक्षा या फटीवरून अधिक खात्रीने कळतं.

कुरडयांचं गणितही यातच आहे. भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून पहाटे सोऱ्याने गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारच्या आत वरून कोरड्या व्हाव्या लागतात. शेजारच्या काकू आदल्या संध्याकाळी मला विचारतात, "उद्या घालू का गं?" मी त्यांना दवबिंदू सांगत नाही. आज ढगांचे तळ वर होते की खाली, एवढं सांगते, आणि त्यांना ते पुरतं.

अजून एक ढग आहे, जो ओळखायला मला सगळ्यात उशीर लागला आणि आता ज्याची मी रोज सकाळी वाट बघते. मध्यम उंचीवरचे राशिमेघ, अल्टोक्युम्युलस, एरवी बारीक गोळ्यांच्या रांगा करून असतात. त्यांतल्या काही रांगांच्या माथ्यावर कधी कधी छोटे उभे कोंब फुटलेले दिसतात. तळ सरळ रेषेत, वर टोकं. सकाळी सात-आठला, जमीन अजून थंड असताना. हे दिसलं की समजावं, वरची हवा अस्थिर आहे. तिथे पोचलेला हवेचा फुगा थांबणार नाही, आणखी वर सुटेल. खालून जमीन तापायची तेवढी बाकी आहे. असे कोंब दिसले की दुपारी तीनच्या पुढे गडगडाट होण्याची शक्यता चांगलीच वाढते. दर वेळी होतो असं नाही. पण त्या सकाळी मी भावाला आपणहून फोन करते, आणि तो मजूर लवकर बोलावून पसरलेला कांदा गोळा करायला घेतो. हा ढग दहा-साडेदहाला विरून जातो, आकाश पुन्हा स्वच्छ होतं, आणि ज्याने सकाळी वर बघितलं नाही त्याला दुपारचं वादळ अचानक आलं असं वाटतं.

गर्जनमेघ, क्युम्युलोनिम्बस, हा या सगळ्यांचा शेवट. गच्चीवरून तो वाढताना बघणं ही विलक्षण गोष्ट आहे. दीड वाजता इतर राशिमेघांतलाच एक. दोनला त्याची उंची रुंदीपेक्षा जास्त. अडीचला कडा इतक्या पांढऱ्या आणि रेखीव, की डोळे दिपतात. मग एका क्षणी वरच्या कडा धूसर व्हायला लागतात. तिथे पाण्याचं बर्फ होऊ लागलं. या खुणेनंतर वीज दूर नसते. माथा आणखी चढतो, वरच्या स्थिर थराला टेकतो आणि तिथून आडवा पसरतो. त्या आकाराला ऐरण म्हणतात आणि तो खरोखरच तसा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये वरचे वारे पश्चिमेचे असतात, म्हणून ऐरणीचं टोक पूर्वेकडे, निफाड-लासलगावच्या दिशेला ताणलं जातं. शहरावर उभा राहिलेला ढग त्या बाजूला सरकायला तास-दीड तास घेतो. पुष्कळदा तो वाटेतच संपतो, कारण एकेका ढगाचं आयुष्य पाऊण तास, फार तर तासाचं. पण मरताना तो थंड हवेचा जो लोट सोडतो तो जमिनीवरून पुढे पळतो, पुढची तापलेली हवा उचलतो आणि तिथे नवा ढग उभा करतो. भावाच्या शेतावर येतो तो मी पाहिलेला ढग नसतो, त्याच्यामागून जन्मलेला असतो.

इथे तळाची उंची पुन्हा महत्त्वाची. एप्रिलच्या उंच तळाच्या ढगातून पडणारा पाऊस तीन-साडेतीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली येतो. वाटेत थेंब सुकतात. ढगाखाली राखाडी झालर लोंबते आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. पण थेंब सुकताना हवा थंड आणि जड होते आणि कोसळते. म्हणून एप्रिलचा अवकाळी आधी वारा घेऊन येतो: धूळ, पत्रे, मोडलेल्या फांद्या, अंधार. पाऊस थोडाच. आणि गारांना मात्र हीच कोरडी हवा मानवते, कारण पडणारी गार सुकत्या हवेत थंड राहते, कमी वितळते. मेच्या शेवटी तळ खाली आला, हवा ओली झाली, की त्याच जातीचा ढग वारा कमी आणि पाणी जास्त देतो. वळवाचा तो पाऊस जमिनीला हवाच असतो. एकाच नावाच्या ढगाला एप्रिलमध्ये घाबरावं आणि जूनच्या तोंडावर त्याची वाट बघावी, हे त्याच्या तळाकडे बघितल्याशिवाय समजत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ती नाशिक जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. द्राक्षं काढणीला आलेली होती. बागेत गारांचा खच, घड फुटून रस गळतोय, आणि पानं अशी फाटलेली की आरपार आभाळ दिसावं. माझ्या काकांनी बांधावर उभं राहून एक घड हातात घेतला, उलटसुलट केला आणि पुन्हा वेलीवरच टेकवून ठेवला, तुटलेला होता तरी. ते मी पाहिलंय. त्या दिवशी नाशिकचं कमाल तापमान किती होतं, हे कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही.

द्राक्षांचा विषय निघाला म्हणून सांगते. गार न पडताही ढग बागेचं नुकसान करतो, आणि ते दिसतं पाच-सहा महिन्यांनी. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नवी काडी फुटते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांमध्ये पुढल्या हंगामाचा घड तयार होतो, सुईच्या टोकाएवढा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा. त्याला भरपूर सूर्यप्रकाश लागतो. मे महिना ढगाळ गेला की डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, धरते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल हिरवीगार फुटूनही घड कमी निघतात. म्हणजे "यंदा मे फारच छान गेला हो, ऊन लागलंच नाही" असं शहरात आपण म्हणतो, तेव्हा दिंडोरीला कुणाच्या तरी पोटात गोळा आलेला असतो.

शहरालाही ढग सुखाचा असतोच असं नाही. निरभ्र रात्री आपलं पठार भराभर उष्णता वर सोडतं. नाशिकच्या उन्हाळ्याची ख्याती त्यावरच आहे: दुपारी कितीही तापो, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. रात्री आभाळ झाकलेलं राहिलं की जमिनीची उष्णता ढग अडवतात आणि पुन्हा खाली पाठवतात. भिंती निवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पारा दोन अंशांनी कमी असूनही त्रास जास्त होतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना, लहान बाळांना, म्हाताऱ्यांना या रात्रीच जड जातात. दुपारच्या आकड्यावर मथळे होतात, या रात्रींवर कुणी लिहीत नाही.

मेच्या शेवटच्या दिवसांत एक नवाच ढग येतो. पहाटे घाटाकडून, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूने, राखाडी, विस्कटलेले, खूप खालून आणि खूप वेगाने पूर्वेकडे पळणारे ढग. ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत विरतात. पाऊस देत नाहीत. पण समुद्रावरची ओली हवा घाट चढून सलग आत येऊ लागली, याची ती वर्दी. याच सुमारास पावशा ओरडायला लागतो, मुंग्या अंडी हलवतात, टिटवीने अंडी उंचावर घातली की खोलगट जागी यावर चर्चा होते. या खुणांना मी हसत नाही. त्या सांगणाऱ्या माणसांनी आयुष्यभर जमिनीकडे आणि आभाळाकडे टक लावलेली असते. पण टिटवीच्या अंड्यांवर पेरणी ठरवू नये, असंही मी भावाला स्पष्ट सांगते. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीच मेभर पाऊस होत होता आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी कांदा शेतातच भिजला. रोहिणी, मृग यांच्या तारखा तेव्हा कामाच्या राहिल्या नाहीत. पळणारे खालचे ढग आणि अंजनेरीचा झाकलेला माथा मात्र त्या वर्षी लवकर दिसत होते.

हवामान विभाग रोज सांगतो ते वाचायलाही शिकावं लागतं. "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" याचा अर्थ, त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. तुरळक म्हटल्यावर तीन गावं कोरडी आणि चौथं ओलं, हे गृहीतच आहे. चौथं गाव आपलं निघालं म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. पिवळा इशारा सकाळी आला, कोंब फुटलेले ढगही दिसले, तर तो दिवस गांभीर्याने घ्यायचा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे; वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सावध करतं. शेतात राहणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायलाच हवं. चमक आणि गडगडाट यांत नऊ सेकंद गेले तर वीज तीन किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्या अंतरावर झाडाखाली थांबणं म्हणजे जिवाशी खेळ.

माझी मागणी साधी आहे. स्थानिक वर्तमानपत्रांत, स्थानिक वाहिन्यांवर रोज कमाल आणि किमान तापमान येतं. त्याच्या शेजारी दुपारचा दवबिंदू द्या, आणि आकाशाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकलेले होते ते द्या. हवामान केंद्रांवर या दोन्ही नोंदी होतातच, काहीही नवीन मोजायचं नाही. फेब्रुवारी ते जून एवढे महिने द्या. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि येवल्याला पाच-सहाशे, अशा या जिल्ह्याला एकच आकडा पुरत नाही, म्हणून तालुक्यावार देता आलं तर फारच चांगलं. दवबिंदू सलग तीन-चार दिवस चढताना दिसला, की कांदा उपटायला घ्यायचा का दोन दिवस थांबायचं, प्लास्टिकचा कागद आधीच बांधावर आणून ठेवायचा का, हे शेतकरी स्वतः ठरवू शकतो.